मध्ययुगीन फ्रेंच चांदीची नाणी: ‘दुर्मीळ’ कशाला म्हणावे आणि संग्रहाची सुरुवात कोठून करावी?

गारोनकाठी

नमस्कार मंडळी,

नोकरीच्या निमित्ताने सध्या दक्षिण फ्रान्समधील तुलूझ येथे माझे वास्तव्य आहे. भारतात असताना शिवराई आणि मराठेशाहीतील चांदीचे रुपये जमवण्याचा छंद होता, त्यामुळे टांकसाळ, छाप, कस, बट्टा ही परिभाषा अंगवळणी पडलेली आहे. परंतु येथील मध्ययुगीन चांदीची नाणी हा प्रांत माझ्यासाठी सर्वस्वी नवा आहे. इकडच्या नाणेविक्रेत्यांच्या तबकांत अंगठ्याच्या नखाहून थोडी मोठी आणि पत्र्यासारखी पातळ अशी शेकडो नाणी पडलेली असतात, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक नाण्यांच्या चिठ्ठ्यांवर एक, दोन किंवा तीन ‘आर’ लिहून ती दुर्मीळ असल्याचे सुचवलेले असते. सगळेच दुर्मीळ असेल, तर मग सामान्य काय, हा माझा पहिला प्रश्न आहे.

सध्या दोन नाणी माझ्यासाठी बाजूला काढून ठेवलेली आहेत. पहिल्याच्या चिठ्ठीवर ‘शार्लमेन, दनिए, मेल टांकसाळ’ (शार्लमेन हा आठव्या-नवव्या शतकातील फ्रँक राजा, दनिए म्हणजे चांदीचे छोटे नाणे) असे लिहिलेले असून त्याची किंमत साडेतीनशे युरो सांगितली आहे. त्याचे वजन १.०४ ग्रॅम भरले. एका बाजूस क्रूस व त्याभोवती ‘कार्लुस रेक्स’ असा लेख आहे, आणि दुसऱ्या बाजूस मधोमध दोन ओळींत ‘मेट’ व ‘आलो’ अशी अक्षरे आहेत. दुसरे नाणे लुई नववा, म्हणजे संत लुई, याचा ग्रो तूर्न्वा, म्हणजे दनिएहून मोठे चांदीचे नाणे, असून त्याचे वजन ३.९१ ग्रॅम आहे. त्यावरील लेख ठळक आहे, मात्र कडेजवळ एक भोक पाडून नंतर ते बुजवलेले दिसते, आणि त्यामुळे विक्रेता ते निम्म्या किमतीस द्यायला तयार आहे.

ही नाणी घ्यावीत का? खोटी नाणी ओळखण्यासाठी काय पाहावे? आणि पुढेमागे भारतात परतताना हा संग्रह बरोबर नेता येईल का? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

टांकसाळकर

आपल्या पहिल्या नाण्याबद्दल आधी लिहितो, कारण तेथे घाई केली तर पैसे वाया जातील. वर्णनावरून ते नाणे अस्सल असावे असे वाटते, पण ते शार्लमेनचे नाही, आणि त्याच्या कारकिर्दीनंतर निदान शंभर-दीडशे वर्षांनी पाडलेले आहे.

याचा पहिला पुरावा वजनाचा. शार्लमेनचा बाप पेपिन याने ७५५ मध्ये चांदीच्या दनिएची पुनर्रचना केली, तेव्हा ते नाणे साधारण सव्वा ते १.३ ग्रॅमचे होते. शार्लमेनने ७९३-९४ च्या सुमारास ते वाढवून सुमारे १.७ ग्रॅमवर नेले. एका लिव्रचे २४० दनिए, १२ दनिएंचा एक सू आणि २० सूंचा एक लिव्र हा हिशेब त्याच्या राज्यात रुजला आणि पुढे हजार वर्षे युरोपभर टिकला. कडा शाबूत असलेले १.०४ ग्रॅमचे नाणे त्या सुधारणेनंतर शार्लमेनने पाडलेले असू शकत नाही. दुसरा पुरावा मागील बाजूचा. मेल हे प्वातू प्रांतातील गाव चांदीयुक्त शिशाच्या खाणींसाठी प्रसिद्ध होते, आणि खाणीच्या तोंडाशीच टांकसाळ असल्यामुळे तेथून प्रचंड संख्येने नाणी बाहेर पडली. कॅरोलिंजियन, म्हणजे शार्लमेनच्या घराण्याच्या, राजवटीची पकड सुटली आणि टांकसाळ प्वातूच्या काउंटांच्या हाती गेली, तरी त्यांनी ‘कार्लुस रेक्स’ हे नाव काढले नाही. बाजारात चालणारी ओळखीची छाप कोण कशाला बदलील? वजन उतरत गेले, कस उतरत गेला, अक्षरे ओबडधोबड झाली, पण मेलेल्या राजाचे नाव नाण्यावर तसेच राहिले. दोन ओळींतले ‘मेट-आलो’ याच उत्तरकाळातले, म्हणजे दहाव्या-अकराव्या शतकातले.

मराठी संग्राहकाला हे नवल वाटण्याचे कारण नाही. पेशवाईतील रुपयांवर दिल्लीच्या बादशहाचे नाव असे आणि त्यावरून कोणी तो रुपया दिल्लीत पाडला असे म्हणत नसे. फ्रान्समध्येही नाण्यावरचे नाव वाचून काळ ठरवणे ही नवख्याची पहिली फसगत असते. प्वातूत हा प्रघात मोडून स्वतःचे नाव घातले ते ‘सिंहहृदयी’ रिचर्डने. त्याच्या दनिएवर एका बाजूस ‘रिकार्डुस रेक्स’ आणि दुसऱ्या बाजूस तीन ओळींत प्वातूचे लॅटिन नाव आहे, आणि इंग्लंडच्या या राजाने आपल्या नावाने पाडलेली नाणी हवी असतील तर ती इंग्लंडमध्ये नव्हे, फ्रान्समध्येच शोधावी लागतात, कारण इंग्लंडमधील त्याच्या पेनींवर बाप हेन्रीचेच नाव चालू होते.

याहून अवघड गाठ १.७ ग्रॅमच्या मेलच्या नाण्यांची आहे. त्यांवर एका बाजूस ‘कार्लुस रेक्स फ्र’ आणि दुसऱ्या बाजूस राजाच्या नावातील अक्षरे क्रूसाभोवती गुंफलेले चिन्ह व ‘मेटुल्लो’ हा लेख असतो. ही नाणी शार्लमेनची की त्याचा नातू शार्ल दुसरा, ज्याला इतिहासात ‘टकला शार्ल’ म्हणतात, त्याची, यावर अभ्यासकांत जुना वाद आहे. दोघांचे नाव एक, चिन्ह एक, टांकसाळ एक. विक्रेता अर्थातच ज्या नावाला जास्त पैसे मिळतात ते नाव चिठ्ठीवर लिहितो. ज्याबद्दल शंका नाही असे शार्लमेनचे नाणे म्हणजे त्याच्या अखेरच्या वर्षांतील, रोमन सम्राटासारखी माळ घातलेल्या मुखवट्याचे आणि मागे देवळाचे चित्र असलेले. पण ते जगातील मोजक्या संग्रहालयांच्या कपाटांत आहे आणि तुलूझच्या तबकात ते सापडण्याची आशा बाळगू नये.

नातवाचा काळ मात्र आपल्या आवाक्यातला आहे. ८६४ मध्ये पीत्र येथे काढलेल्या फर्मानाने त्याने नाण्यांची छाप एक केली, लेख ‘ग्रात्सिया देई रेक्स’, म्हणजे देवाच्या कृपेने राजा, असा ठरवला आणि राजवाड्यासह दहाच टांकसाळींना परवानगी दिली. त्या दहांत मेल होते आणि आपल्या जवळचे नार्बोनही होते. प्रत्यक्षात या छापाची नाणी त्याहून कितीतरी अधिक टांकसाळींची मिळतात, म्हणजे फर्मान कागदावर कडक आणि मुलखात सैल, हे आपल्याकडचेच चित्र. यांतील सामान्य टांकसाळींची नाणी मध्यम खर्चात मिळतात, तर काही टांकसाळींची एक-दोनच ज्ञात आहेत. दुर्मीळपणा इथे छापात नसून गावाच्या नावात आहे, आणि ते नाव वाचता येणाऱ्याला साध्या ढिगातून असाधारण नाणे उचलता येते.

सुरुवात कोठून करावी, याचे माझे उत्तर: घराजवळून. आपण तुलूझमध्ये आहात, तर तुलूझच्या काउंटांचे दनिए घ्या. टकल्या शार्लच्या काळचे ‘टोलोसा किवि’ मिळते, त्यानंतर रेमों नावाच्या काउंटांची लांबलचक माळ येते, आणि १२४९ मध्ये सातवा रेमों वारल्यावर संत लुईचा भाऊ आल्फोंस याच्याकडे गादी जाते. १२७१ मध्ये तो निपुत्रिक वारला आणि मुलूख राजाच्या खालसात आला. एका गावाच्या टांकसाळीवरून एका संपूर्ण प्रदेशाचे राज्य कसे गेले, हे डझनभर नाण्यांत मांडता येते. पश्चिमेस बेआर्नचे दनिए आहेत, जे मोर्लास येथे पडत. त्यांवर सांत्युल या काउंटाचे नाव त्याच्या मृत्यूनंतर शतकानुशतके चालू राहिले, आणि त्यांच्या मागे मधोमध ‘पाक्स’, म्हणजे शांती, हा शब्द असतो. लिमोझच्या संत मार्सियाल मठाचे नाणे तर दाढीवाल्या संताच्या तोंडामुळे लांबूनच ओळखू येते. उत्तरेकडील शँपेन परगण्यातील प्रोव्हँचे दनिए, ज्यांवर एक कंगवा कोरलेला असतो, तिथल्या मोठ्या जत्रांमुळे इतके मान्यता पावले की रोमच्या टांकसाळीने त्यांची नक्कल केली. पण उत्तरेचा मोह सध्या आवरा.

रोखठोक

टांकसाळकरांनी पहिल्या नाण्याचा निकाल लावला आहे, तेव्हा साडेतीनशे युरो खिशातच ठेवावेत. उत्तरकालीन मेलचे ठीकठाक दनिए याच्या एका अंशात मिळतात.

एक, दोन, तीन ‘आर’ या विषयावर थोडे स्पष्ट लिहितो. ही अक्षरे त्या छापाचे किती नग ज्ञात आहेत याचा अंदाज देतात, आणि तो अंदाज बहुधा जुन्या याद्यांतून उचललेला असतो. त्यानंतर जमिनीतून किती हंडे निघाले, याची दखल त्या यादीला नसते. त्याहून महत्त्वाचे असे की, दुर्मीळपणा आणि मागणी या दोन वेगळ्या बाबी आहेत. एखाद्या अप्रसिद्ध सरदाराचे जेमतेम पाच-सहा नग माहीत असलेले नाणे शंभर-दोनशे युरोंत पडून राहते, कारण ते शोधणारी माणसेही पाच-सहाच असतात. उलट संत लुईचा ग्रो तूर्न्वा मुळीच दुर्मीळ नाही, तरी चांगल्या स्थितीतला नग कोणत्याही लिलावात पडून राहत नाही, कारण राजा संत झालेला आहे, नाणे देखणे आहे आणि फ्रेंच शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला त्याचे नाव माहीत आहे. या क्षेत्रात खरी दुर्मीळ असते ती स्थिती. चकती हातोड्याने ठोकून छाप उठवलेली असल्यामुळे लेखाचा एखादा भाग जवळजवळ नेहमीच सपाट राहतो. ज्या नाण्यावर दोन्ही बाजूंचा लेख सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचता येतो, त्यासाठी दुप्पट मोजण्यास हरकत नाही. चिठ्ठीवरच्या तिसऱ्या ‘आर’साठी मोजू नये.

आता भोक बुजवलेल्या ग्रोबद्दल. १२६६ मध्ये लुई नवव्याने हे नाणे काढले ते १२ दनिए तूर्न्वाच्या, म्हणजे तूर शहराच्या मापाच्या दनिएंच्या, किमतीचे, आणि म्हणून मागील बाजूच्या किनारीत लिलीची १२ फुले आहेत. ती मोजून पाहा. पॅरिसच्या एका मार वजनाच्या, म्हणजे सुमारे २४४.७५ ग्रॅमच्या, चांदीतून अशी ५८ नाणी पाडायची असा नियम होता, त्यावरून एकाचे वजन ४.२२ ग्रॅम येते. आपल्या नगाचे ३.९१ ग्रॅम हे झिजलेल्या आणि भोक पाडलेल्या नाण्याला साजेसे आहे. चांदी जवळजवळ शुद्ध: राजाची म्हणून जी प्रत मान्य होती ती २४ भागांत २३ भाग शुद्ध असे.

भोकाकडे दोष म्हणून पाहण्याआधी थांबा. लुईला १२९७ मध्ये संतपद मिळाले आणि त्याच्या नावाची ही नाणी लोक भोक पाडून गळ्यात घालू लागले, आजारपणात अंगाला लावू लागले. भोक क्रूसाच्या वरच्या टोकाशी असेल, तर घालणाऱ्याच्या छातीवर क्रूस सरळ उभा राहत होता; आणि तसे असेल तर ते भोक त्या नाण्याच्या इतिहासाचाच भाग आहे आणि त्याबद्दल निम्मी किंमत ही सवलत समजावी. मला खुपते ते बुजवणे. ते कोणी तरी गेल्या दीडशे वर्षांत विक्रीच्या सोयीसाठी केलेले असते, आणि बुजवलेल्या जागेवर बाहेरच्या ओळीतील दोन-तीन अक्षरे टाचणीने पुन्हा कोरलेली असतात. भिंगातून पाहा: मूळ अक्षरांच्या कडेला धातू दाबून सरकल्याच्या बारीक रेषा दिसतात, कोरलेल्या अक्षरांत ओरखड्याची नळी दिसते. तेवढे मान्य असेल, तर नाणे घ्या, मात्र पावतीवर ‘भोक बुजवलेले’ असे लिहून मागा.

सेनतीर

वरील दोन्ही प्रतिसाद उत्तम आहेत. फक्त दोघांनीही चौदाव्या शतकाच्या पुढे पाऊल टाकले नाही, याची खंत वाटते. कमी पैशांत अधिक डोके चालवायचे असेल, तर शार्ल सहावा आणि शार्ल सातवा यांच्या काळातील हिणकस चांदीच्या नाण्यांसारखे दुसरे क्षेत्र नाही.

याची पार्श्वभूमी अशी की, नाण्यातील चांदी कमी करून तिजोरी भरणे हा फ्रेंच राजांचा जुना आजार. फिलिप चौथ्याने १२९५ पासून युद्धासाठी हा मार्ग धरला. १३०६ मध्ये त्याने एकाएकी जुने चांगले नाणे परत आणले, तेव्हा पॅरिसमधील घरमालकांनी भाडीही चांगल्या नाण्यात मागितली. भाडेकरूंसाठी ती एका रात्रीत तिप्पट झाल्यासारखी होती, दंगल उसळली, आणि राजाला टेंपल या टेंपलर पंथाच्या धर्मयोद्ध्यांच्या गढीचा आसरा घ्यावा लागला. पुढच्या वर्षी त्याने त्याच टेंपलरांना कैद केले, हा भाग वेगळा.

शार्ल सहाव्याच्या अमदानीत, १३८९ मध्ये, टांकसाळींवर नजर ठेवण्यासाठी एक साधी युक्ती काढली गेली: लेखातील ठरावीक अक्षराखाली एक बारीक ठिपका. क्रूसानंतरचे पहिले अक्षर हे एक, असे मोजत गेल्यास पाचव्या अक्षराखाली ठिपका म्हणजे तुलूझ, चौथ्याखाली मोंपेलिए, सहाव्याखाली तूर, पंधराव्याखाली रुआँ, अठराव्याखाली पॅरिस. धागाकर्त्यांनी ‘ब्लाँ गेनार’ नावाचे त्या काळचे हिणकस चांदीचे नाणे हातात घ्यावे. समोरच्या बाजूस राजाचे नाव, ‘कारोलुस फ्रांकोरु रेक्स’, लॅटिन लिपीत आहे. त्यात एल या अक्षराखाली ठिपका असेल, तर ते नाणे आपण राहता त्याच शहरात पडले. मागच्या बाजूस ‘सिट नोमे’ या शब्दांनी लेख सुरू होतो, तेथे ‘नोमे’मधील ओखाली जोडीचा ठिपका असला पाहिजे. पॅरिसचा ठिपका समोरच्या बाजूस अगदी शेवटच्या अक्षराखाली येतो. ठिपका मळाने भरलेला असतो, कधी छापच तेथे उठलेली नसते, आणि ठसेगाराने लघुरूप बदलले असेल तर मोजणी एखाद्या घराने सरकते. म्हणून दोन्ही बाजू ताडून पाहिल्याशिवाय टांकसाळ ठरवू नये. विक्रेत्यांना एवढा वेळ नसतो. ‘टांकसाळ अनिश्चित’ अशा चिठ्ठीखाली कमी उत्पादन असलेल्या टांकसाळींची नाणी सर्रास पडून असतात, आणि संयमी माणसाला तीच खरी कमाई.

त्यापुढील काळ म्हणजे १४१७ ते १४२२. एकीकडे वेडसर झालेल्या शार्ल सहाव्याच्या नावाने राज्य हाकणारा बर्गंडीचा पक्ष, दुसरीकडे ल्वार नदीच्या दक्षिणेस युवराज शार्ल, म्हणजे पुढचा शार्ल सातवा, तिसरीकडे नॉर्मंडी जिंकलेला इंग्लंडचा हेन्री पाचवा, आणि तिघेही ‘फ्लोरेत’ नावाचे जवळपास एकाच छापाचे नाणे पाडत होते व दर काही महिन्यांनी त्यातील चांदी कमी करत होते. सर्वांत पुढे होता युवराज, कारण त्याच्याकडे सैन्याला देण्यासाठी दुसरे काहीच नव्हते. शेवटच्या प्रतींत चांदी नावापुरतीच राहिली, वरचा पांढरा मुलामा उडाला की ती तपकिरी दिसतात, आणि त्यामुळेच ती स्वस्त मिळतात. १४२२ नंतर हेन्री सहाव्याच्या नावाने पाडलेली, फ्रान्स आणि इंग्लंडची दोन ढालचिन्हे शेजारी-शेजारी असलेली नाणी येतात. पॅरिसच्या नाण्यावर लेखाच्या आरंभी मुकुट, रुआँच्या नाण्यावर बिबट्या, सँ-लोच्या नाण्यावर लिली. एका फ्रेंच राज्यावर इंग्लंडच्या बालराजाचा हक्क सांगणारे हे नाणे मध्यम खर्चात मिळते, आणि माझ्या मते या संपूर्ण कालखंडात पैशाच्या मानाने सर्वांत अधिक बोलणारे नाणे तेच.

शक्य झाल्यास पॅरिसला येऊन राष्ट्रीय ग्रंथालयाच्या रिशल्यू इमारतीतील संग्रहालय पाहावे. त्यांच्या नाणेसंग्रहातील पुष्कळ छायाचित्रे ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर विनामूल्य आहेत. विकत घेण्यापूर्वी तेथील नगाशी अक्षराचे वळण ताडून पाहण्याची सवय लावावी.

गारोनकाठी

सर्वांचे मनापासून आभार. पहिले नाणे परत केले. विक्रेत्याला वजनाचा मुद्दा सांगितल्यावर त्याने वाद न घालता चिठ्ठी बदलली आणि किंमत सत्तर युरोंवर आणली, तरीही सध्या ते नको असे ठरवले. ग्रो तूर्न्वाचे भोक खरोखरच क्रूसाच्या टोकाशी आहे, आणि बुजवलेल्या जागेवरची दोन अक्षरे कोरीव आहेत हे भिंगातून स्पष्ट दिसले. ते नाणे घेतले. सेनतीर यांच्या सांगण्यावरून गेनारचा एक ढीग चाळून पाहिला, त्यात एलखाली ठिपका असलेले एक नाणे मिळाले, मात्र मागच्या बाजूस मळाचा थर आहे. तो लिंबाने किंवा खाण्याच्या सोड्याने काढावा का? आणि भारतात नेण्याचा प्रश्न अजून शिल्लक आहे.

दप्तरदार

नेण्याच्या प्रश्नाचे उत्तर मी देतो, कारण माझा व्यवसाय कायद्याचा आहे. मात्र हा सल्ला सर्वसाधारण स्वरूपाचा समजावा.

प्रथम फ्रान्सची बाजू. तेथे पुरातन वस्तू शोधण्यासाठी धातुशोधक यंत्र वापरायचे, तर प्रीफेक्टची, म्हणजे तेथील शासकीय अधिकाऱ्याची, परवानगी लागते, आणि जुलै २०१६ च्या कायद्यानंतर ज्या जमिनीची मालकी बदलली आहे, तिच्या पोटात सापडलेला पुरातत्त्वीय ठेवा शासनाचा मानला जातो. त्यामुळे माती लागलेली, ‘शेतात सापडली’ म्हणून संकेतस्थळांवर विकली जाणारी नाणी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नयेत. उद्या ती विकताना किंवा देशाबाहेर नेताना आपल्याकडे दाखवायला काहीच नसेल. व्यावसायिक विक्रेत्याची पावती, तीवर नाण्याचे वर्णन आणि वजन, आणि शक्य असल्यास जुन्या लिलावाच्या यादीतील क्रमांक, एवढे प्रत्येक नाण्यामागे हवे. युरोपीय संघाबाहेर नेताना सांस्कृतिक वस्तूंच्या निर्यातीचे नियम लागू होतात. कोणत्या नाण्याला कोणता दाखला लागेल, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे, आणि आवश्यक कागद त्यालाच काढायला सांगावा.

भारताची बाजू अधिक विचार करण्याजोगी आहे. १९७२ च्या पुरावशेष आणि कलानिधी अधिनियमात शंभर वर्षांहून जुने नाणे हे पुरावशेषांच्या व्याख्येत बसते, आणि पुरावशेष देशाबाहेर नेण्याचा अधिकार केंद्र शासन व त्याने नेमलेल्या यंत्रणेखेरीज कोणालाही नाही. त्या व्याख्येत नाणे कोठल्या देशाचे, असा भेद केलेला नाही. म्हणजे संग्रह भारतात आणणे हे सीमाशुल्क आणि कागदपत्रांचे काम आहे, पण एकदा आणल्यावर तो पुन्हा युरोपच्या लिलावात पाठवणे जवळजवळ अशक्य समजावे. फ्रेंच सरंजामी दनिए विकत घेणारी माणसे मुंबई-पुण्यात किती भेटतील, याचा हिशेब आधी करावा. परतण्याचा बेत पक्का असेल, तर जी नाणी मरेपर्यंत जवळ ठेवायची आहेत तेवढीच आणावीत आणि बाकीची तेथेच विकावीत.

टांकसाळकर

मळाबद्दल: लिंबू नको, सोडा नको, आणि चांदी चकचकीत करण्याचे कोणतेही रसायन नको. गेनार हे हिणकस चांदीचे नाणे आहे. त्यात तांबे भरपूर असते. पाडण्यापूर्वी त्याची चकती आम्लात उजळत असत, त्यामुळे पृष्ठभागावर चांदीचा पातळ थर जमलेला असतो, आणि आम्लाने किंवा घासण्याने तोच थर निघून जातो. मग उरते ते लाल डागांचे तांबडे पान, ज्यावरचा ठिपकाही वाचता येत नाही. याच कारणाने पृष्ठभागावर किरण टाकून कस मोजणाऱ्या यंत्राचा आकडाही हिणकस नाण्यांच्या बाबतीत फसवा असतो, तो खऱ्यापेक्षा जास्त चांदी दाखवतो. शुद्ध पाण्यात दिवसभर ठेवून, पाणी दोनदा बदलून, मऊ बांबूच्या काडीने अक्षरांखालची माती हळूच सैल करावी. जुनी चांदी आतून ठिसूळ झालेली असते, त्यामुळे नाणे वाकवून, बोटांत दाबून पाहू नये. निघाले तर ठीक, नाही तर तसेच राहू द्यावे.

खोट्या नाण्यांचा प्रश्न राहिला होता. ओतलेले नाणे कडेवरून कळते: साच्याची शिवण घासून काढल्याच्या खुणा, पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे बुडबुड्यांचे खड्डे, आणि साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत अक्षरे. ठसा कोरून ठोकलेले खोटे नाणे अवघड असते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत कार्ल विल्हेल्म बेकर याने प्राचीन व मध्ययुगीन नाण्यांचे इतके सफाईदार ठसे कोरले की त्याच्या नाण्यांचाच आता वेगळा संग्रह करतात. अशा वेळी उपाय एकच, एकाच छापाचे पुष्कळ नग पाहणे. दोन नाण्यांवर ठशाची तडा जशीच्या तशी असेल तर ते नैसर्गिक आहे, पण दोन्हींवरचा ओरखडा आणि कडेवरची खोक एकाच जागी असेल, तर एक दुसऱ्यावरून ओतलेले आहे. आपल्या गेनारच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे, वजनासह, येथे टाका. मागच्या ठिपक्याची जागा माती काढल्यावरच निश्चित होईल.